चौथी टाळी

खरं सांगते, त्या दिवशी मी देवाचं नाव घेऊन घराबाहेर पडले नव्हते, कपाळाला हात लावून पडले होते. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या पत्रिकेत एक ग्रह जास्तीचा असतो, आल्या-गेल्या पाहुण्याला गोळकोंडा दाखवण्याचा. विद्यानगरात आमची तीस वर्षं गेली, त्यात तो किल्ला किती वेळा चढले याची मोजदाद मी केव्हाच सोडली. या खेपेला आला होता माझा धाकटा भाऊ सुहास, पुण्याहून, दीड दिवसासाठी. फोनमध्ये यादी करून आणलेली: सकाळी गोळकोंडा, दुपारी बिर्याणी, संध्याकाळी चारमिनार. "आणि आईलाही नेऊ या ना ताई, तेवढाच तिला बदल," म्हणाला. बदल! वर्षातून दोनदा तोंड दाखवणाऱ्याला सगळं सोपं वाटतं. आमच्या ह्यांना नेमकं त्याच दिवशी बँकेत काम निघालं.

आई माझ्याकडं असते. बाबा गेल्यावर परभणीचं घर बंद करून मी तिला इकडं आणलं, त्याला तीन वर्षं झाली. तिचं विसरणं आधी गमतीचं होतं, मग काळजीचं झालं, आणि आता ती कधी मला नावानं हाक मारते, तर कधी "बाई, तुम्ही कुठल्या?" म्हणून विचारते. तेही मी सोसलं असतं. पण टाळ्या! आई दिवसभर टाळ्या वाजवते. घरी आरतीला बाबा घंटा वाजवायचे आणि आई टाळ्या. आरतीचे शब्द ती केव्हाच विसरली, हातांना मात्र ठेका आठवतो. तीन टाळ्या, मग थांबायचं, समोर बघायचं, पुन्हा तीन टाळ्या. चहा पिताना, जेवताना, शेजारीण आली तरी. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, घंटा झाली की तास संपतो एवढं मला कळतं. या तासाला मात्र शेवटच नव्हता. आमच्याकडं आरती होते, नाही असं नाही, पण ती ह्यांच्या मोबाइलवर लागते आणि आम्ही हात जोडून उभे राहतो. बाबांची पितळी घंटा परभणीच्या सामानाबरोबर आली ती देव्हाऱ्याखालच्या खणात जाऊन पडली.

त्या सकाळी गाडीतही तेच. तीन टाळ्या, थांबा, तीन टाळ्या. तिला काही हवंय असं वाटून ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "अम्मा को कुछ होना क्या?" सुहास खिडकीबाहेर बघत बसला, जशी काही ती त्याची कुणीच नव्हे. माझा पारा चढला. मी आईचे दोन्ही हात धरले आणि ओरडले, "पुरे आई! पुरे! एक दिवस तरी जिवाला शांती दे." तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात पदराखाली लपवले. ते बघून मला माझीच लाज वाटली, पण माफी काही मागितली नाही. खोटं कशाला सांगू, ती शांतता मला बरी वाटली.

गोळकोंडा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, आत शिरल्या शिरल्या एक घुमट लागतो. त्याखाली उभं राहून टाळी वाजवली की ती थेट वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू जाते. किल्ल्यात कोण आलं ते पूर्वी असं वर कळायचं म्हणे. आता प्रत्येक गाइड आपापल्या पाहुण्यांकडून टाळ्या वाजवून घेतो. म्हणजे टाळ्यांना विटलेली मी, आणि भावानं आणून उभी कुठं केली, तर जिथं शंभर माणसं टाळ्या वाजवतायत! आईचा चेहरा मात्र एकदम खुलला. तिला वाटलं आरती चाललीय. पदराखालचे हात बाहेर आले. ती तिथून हलायला तयार नव्हती, मी ओढतच तिला पुढं बागेत नेलं आणि झाडाच्या सावलीत बाकावर बसवलं.

वर जाणाऱ्या पायऱ्या बघून सुहासचा उत्साह मावळला. त्यात त्याला ऑफिसचा फोन येणार होता. "ताई, तू जाऊन ये वर. मी बसतो आईपाशी." मी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा पायऱ्यांकडं, आणि गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुठंतरी एकटी चालले होते. गुडघे कुरकुरत होते, घाम निथळत होता, पण कुणी हाक मारत नव्हतं. त्या सुखाला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

माथ्याजवळ मोठ्या शिळांच्या आडोशाला जगदंबेचं देऊळ आहे. मी तिच्यासमोर उभी राहिले. मागायला काही गेले नव्हते, देवावरची माझी श्रद्धा तेव्हा त्या खणातल्या घंटेसारखीच पडून होती. पण हात जोडले आणि भरलेला घडा कलंडावा तसं सगळं बाहेर आलं. मनात म्हणाले, आई जगदंबे, आता मला होत नाही गं. एकदाची सुटका कर. कुणाची, कशातून, ते मी बोलले नाही. पण मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक असणारच. तोवर असं काही मी ह्यांच्यापाशीही बोलले नव्हते.

देवळाबाहेर येऊन चपला घालते तोच फोन वाजला. सुहासचा. "ताई, आई तुझ्याकडं आलीय का?"

काय झालं ते त्यानं अडखळत सांगितलं. ऑफिसचा फोन आला, नीट ऐकू येईना म्हणून हा चार पावलं बाजूला गेला, वळून बघतो तर बाक रिकामा. वीस मिनिटं तो पडक्या महालांतून, दालनांतून शोधत फिरत होता आणि मला सांगायची त्याला हिंमत होत नव्हती. आईला स्वतःचं नाव सांगता येत नाही, पत्ता दूरच. जिकडं बघावं तिकडं भग्न भिंती, उघडे जिने, कठडा नसलेले सज्जे, खाली रस्त्यावर गाड्या. मी देवळाच्या पायरीवर मटकन बसले. मागितलं ते दिलं की काय देवीनं? मी हे नव्हतं मागितलं, जगदंबे. असं नव्हतं मागितलं. मी मोठ्यानं बोलत होते बहुतेक, कारण दोन पोरी माझ्याकडं बघत निघून गेल्या. चिडचिड, हिशेब, कोण किती करतं आणि कोण किती नाही, सगळं गळून पडलं. एवढंच उरलं, तू सांभाळ. माझ्याच्यानं झालं नाही, तू सांभाळ.

तेवढ्यात कठड्याजवळ एक गाइड वैतागून आपल्या पाहुण्यांना सांगत होता, "आज क्या सुनाऊं आप लोगां को? नीचे कोई बैठ के बजाते इच जा रा. हमारे आदमी की ताली समझ में इच नै आरी."

मी उठले. कठड्याशी जाऊन कान दिला. खालून, फार खालून, पण अगदी स्वच्छ आवाज येत होता. तीन टाळ्या. मग थांबा. आणि त्या थांब्यात एक टाळी, वेगळी, जराशी जड. पुन्हा तीन. पुन्हा ती एक. तिच्याजवळ कुणीतरी होतं.

सुहासला फोन लावून ओरडले, "दारातल्या घुमटाखाली! पळ!" आणि मी उतरले. कशी उतरले ते विचारू नका. तीन वर्षं ज्या आवाजानं माझं डोकं उठवलं होतं, तो आता थांबू नये म्हणून मी प्रत्येक पायरीला देवीला विनवत होते.

घुमटाखाली भिंतीला टेकून आई बसली होती. तिच्यासमोर बुरख्यातली एक पन्नाशीची बाई, मांडीवर जेवणाचा डबा. सुहास आईचे पाय धरून रडत होता आणि आई त्याच्या डोक्यावरून हात काढून, मोठ्या गांभीर्यानं, टाळ्या वाजवत होती. मला बघताच ती बाई कडाडली, "किधर चले गए थे आप लोगां? ऐसा छोड़ते क्या अम्मा को?" मी मान खाली घातली. मग तीच हसली. तिचेही गुडघे धरलेले, म्हणून घरच्यांना वर धाडून ती तिथं बसली होती. "तीन बजाते और मेरे मुँह को देखते अम्मा. मैं एक बजाई तो खुश. नै बजाई तो उठ के भार सड़क पे जाने लगते. क्या करती? बजाते बैठी. देखो, हाथां लाल हो गए."

तीन वाजवायच्या आणि समोर बघायचं. रोज माझ्या डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट, आणि ती मला एका परक्या बाईनं सांगावी! चौथा ठोका बाबांच्या घंटेचा असायचा. तीन वर्षं आई तीन टाळ्या वाजवून त्या घंटेची वाट बघत होती. घंटा वाजली नाही की तिला वाटायचं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. आणि मी तिचे हात धरून म्हणाले होते, पुरे.

मी त्या बाईचे लाल हात हातात घेतले.  "रोते कायकू? मिल गए ना अम्मा," एवढं म्हणून ती डबा उघडायला लागली, तिचे घरचे उतरताना दिसले होते. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही, ही रुखरुख अजून आहे. माझं देवीला विनवणं आणि ही बाई आईपाशी असणं, बोलाफुलाला गाठ म्हणा हवं तर. मी वाद घालणार नाही.

चारमिनार राहिलाच. सुहासला रागवायचं मी गाडीत दहा वेळा ठरवलं, पण माझ्याच मनात चोर होता. संध्याकाळी मी खणातून घंटा काढली, चिंचेनं घासली, दिवा लावला, आणि सुहासला सांगून टाकलं की वर देवळात मी काय मागितलं होतं. तो देव्हाऱ्यापाशी येऊन बसला. मग म्हणाला, "ताई, मी तर तिच्यासाठी कधी काहीच मागितलं नाही."

आईनं टाळ्या सुरू केल्या. तीन. मी घंटा वाजवली. ती चमकली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा तीन. पुन्हा घंटा. अशी एक आख्खी आरती झाली, शब्दांवाचून. मग तिनं आपणहून हात थांबवले, जोडले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "झाली आरती. प्रसाद द्या सगळ्यांना." त्या रात्री घरात पुन्हा टाळी वाजली नाही.

सुटका कर म्हणून मी देवीला सांगितलं होतं. कुणाची आणि कशातून, ते तिनं ठरवलं: आईची, त्या न संपणाऱ्या आरतीतून. या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तिची ऋणी आहे, आणि त्या लाल हातांचीही. आता सकाळ-संध्याकाळ घंटा माझ्याकडं असते. मात्र अधूनमधून भर दुपारी, माझा डोळा लागता लागता, बाहेरच्या खोलीत तीन टाळ्या वाजतात आणि मग शांतता. वैताग येतो, अजूनही येतो, तोंडानं पुटपुटतेही. पण उठते आणि घंटा वाजवते.