रांजणावरचा दिवा

परगावचं वस्तुसंग्रहालय पाहायला मी एकटाच गेलो होतो. एका काचपेटीत मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले होते. फार पूर्वी दगावलेलं तान्हं मूल असं रांजणात ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरत. एक रांजण फुटला होता. आत इवली हाडं दिसत होती आणि समोरच्या भिंतीवरून त्यांच्यावर प्रखर दिवा रोखलेला होता.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी रखवालदाराला हाक मारली. "भाऊ, तेवढा दिवा मालवा की. बाळाच्या डोळ्यांवर येतोय."

"मावशी, मग लोक बघणार काय?"

"बघायला नव्हतंच ठेवलं त्याच्या आईनं. घरात राहावं म्हणून ठेवलं होतं."

तो ओशाळून हसला. दिवा तसाच राहिला आणि बाई निघून गेल्या.

पुढच्या दालनांत नाणी होती, मणी होते, मूर्ती होत्या. कशातच लक्ष लागेना. मीही बघायलाच तर इतक्या लांब आलो होतो. शेवटी परत फिरलो आणि दिव्याच्या आड उभा राहिलो. माझी सावली रांजणावर पडली.

"साहेब, बंद करायची वेळ झाली," रखवालदार म्हणाला.

"दिवेही बंद करता ना?"

"सगळे."

मग मी बाजूला झालो.