वेदीसमोरची टोपली

चर्चमध्ये कापणीचा सण होता. भिवापुरी मिरच्यांची टोपली घेऊन मी वेदीपाशी पोचले आणि येशूचं सांगणं आठवलं: कुणाशी बिनसलं असेल तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट करून ये. आत्ताच आठवायचं होतं का हे! कूलरच्या पाण्यावरून शेजारच्या काकूंशी माझा उन्हाळ्यापासून अबोला होता. टोपली तिथंच ठेवली, स्कूटी काढली आणि सुसाट हुडकेश्वरला, घराकडे आले. काकूंनी दार उघडलं.

“काकू, पुरे झाला अबोला!”

“काहून वं, चर्च सुटलं?”

“नाही. येशूनंच पाठवलं, आधी तुमच्याशी बोलायला.”

काकूंनी चपला घातल्या. “चाल. तुह्यासारख्या भांडकुदळ पोरीले माह्या दारी पाठवते, तो देव मले बी पाहू दे.”