येऊन राहिली

आमच्या कॉलेजात खेळणारी पोरगी दोघांची असते. निकाल चांगला लागला की डिपार्टमेंटची, आणि हजेरी कमी भरली की माझी. "मॅडम, तुमची पोरगी तीन प्रॅक्टिकलला नव्हती," असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की मी चहाचा कप उचलून खिडकीशी जाते. अमरावतीत खेळाची शिक्षिका म्हणून इतकी वर्षं काढली, आता वाद घालायचाही कंटाळा येतो. पूर्वी तावातावानं भांडायची. भांडून झालं की त्याच माणसाकडे हजेरीसाठी विनवण्या करायला जायची.

ही पोरगी शेंदूरजनाघाटची. घरी संत्र्याची बाग, ही बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. खो-खोत पळायला उतरली की तीन-तीन मिनिटं कुणाच्या हाती लागत नसे. वडिलांनी एका अटीवर खेळू दिलं होतं, आणि ती अट त्यांनी माझ्याच केबिनमध्ये बसून घातली होती. "खेळू द्या, माह्यं काई म्हणणं नाई. पण एकबी विषय राहिला, का त्या दिवसापासून खेळ बंद. तुमी पाहून घ्या मंग." पाहते, म्हणाले मी. किती बापांना असं म्हणाले असेन, देव जाणे.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल अकोल्याला होती आणि त्याच दिवशी तिचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल अमरावतीला. यात नवल काही नाही. स्पर्धा ठरवणारे परीक्षा ठरवणाऱ्यांना विचारत नाहीत, आणि परीक्षावाल्यांच्या लेखी स्पर्धा नावाची गोष्टच नसते. मी केमिस्ट्रीच्या विभागप्रमुखांकडे गेले. अकोल्याचेच, कापसाच्या व्यापारातल्या घरातले, तोंडानं फटकळ आणि मनानं निर्मळ माणूस. "लास्ट बॅच में डाल देता हूँ," ते म्हणाले. "दोन वाजेपर्यंत पाठवा फक्त." लेखी पत्र आणून देते म्हटलं तर हात झटकला. "लेटर-बिटर छोडो मॅडम, अपनेच बच्चे हैं." मलाही तेच हवं होतं. पत्र म्हणजे तीन सह्या आणि तीन ठिकाणी ताटकळणं.

मॅचच्या दिवशी मी सगळ्या पोरींचे मोबाइल एका पिशवीत गोळा करते. नाहीतर डाव सुरू व्हायच्या मिनिटापर्यंत फोटो चालू असतात. त्या दिवशीही केले. साडेअकराला फायनल जिंकलो, आणि ही पोरगी कपाळावरची माती न पुसता बॅग खांद्याला लावून स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोत बसली. ढालीला हातसुद्धा लावला नाही. मोबाइल माझ्या पिशवीतच राहिला. तिच्या लक्षात नाही, माझ्याही नाही. मला तर तिचं कौतुकच वाटलं होतं.

दोन वाजून गेले तरी बक्षीस समारंभ चाललाच होता. पाहुणे शिक्षणात खेळाचं महत्त्व सांगत होते, ते काही संपेना. तेवढ्यात फोन आला. प्रॅक्टिकल घ्यायला पुण्याकडून आलेले बाहेरचे परीक्षक बोलत होते. विभागप्रमुखांना प्राचार्यांनी मीटिंगला बोलावलं होतं, म्हणून लॅबमधल्या शिपायाकडून नंबर घेऊन त्यांनी स्वतःच लावला. आवाज अगदी सभ्य. "मॅडम, तुमची ती खेळाडू मुलगी आली आहे ना? यादीत शेवटचं तिचंच नाव उरलंय."

"हो सर, येऊन राहिली, येऊन राहिली," मी एका कानात बोट घालून ओरडले.

"बरं, मग काही प्रश्न नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्याकडे येऊन राहिली म्हणजे वाटेत आहे, पोचेलच. जेवून राहिलो म्हणजे ताटावर आहे. यात कुणाला काही सांगावं लागत नाही. त्या भल्या माणसानं ऐकलं ते असं, की पोरगी आली आणि कॉलेजातच थांबली आहे. त्यांनी शिपायाला दोनदा व्हरांड्यात पाठवलं, एकदा कँटीनमध्ये. पाऊण तास वाट पाहिली. शेवटी वैतागून तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं, पाकीट सील केलं आणि बडनेऱ्याला गाडी गाठायला निघून गेले. मूर्तिजापूरजवळ ट्रक उलटल्यामुळे तिची बस अडकली होती. ती सव्वातीनला लॅबच्या दारात पोचली तेव्हा शिपाई टेबलं पुसत होता.

संध्याकाळी विभागप्रमुखांचा फोन आला. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "मॅडम, आपने उनको क्या बोला था?" मी शब्द न् शब्द सांगितला. "हेच तुम्ही मला बोलल्या असत्या तर मी समजलो असतो," एवढंच ते म्हणाले.

खेळामुळे परीक्षा चुकली तर पुन्हा घेता येते, म्हणून विद्यापीठात अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. परीक्षकांनी अहवालात लिहिलं होतं, की संघाच्या प्रशिक्षिकेनं फोनवर सांगितल्यानुसार विद्यार्थिनी महाविद्यालयात हजर होती, तरी प्रात्यक्षिकाला आली नाही. माझाच शब्द, माझ्याच पोरीच्या विरोधात. मी स्वतः विद्यापीठात गेले. तिथला बाबू दर्यापूरकडचा निघाला. सगळं ऐकून त्यानं फाइल बंद केली. "मले समजलं मॅडम. पण कागदाले वऱ्हाडी समजत नाई ना." आमचं पत्र आधी गेलं असतं तर, असंही तो म्हणाला. ते पत्र मी कंटाळा करून दिलं नव्हतं.

तिचा विषय राहिला. हिवाळी परीक्षेत तिनं तो काढला, चांगल्या मार्कांनी काढला. पण खेळ बंद झाला. घडी घातलेली जर्सी टेबलावर ठेवून गेली, तेव्हा मी म्हणाले, "बसनं घात केला बाई." ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मग सगळ्यांना मी तेच सांगत राहिले. ते सांगायचीही सवय झाली.

पुढच्या वर्षी तिच्याच गावच्या दोन पोरी संघात आल्या. चपळ, न थकणाऱ्या. मला बरं वाटलं.

गेल्या महिन्यात ती दाखला न्यायला कॉलेजात आली होती. केबिनमध्ये बसली, चहा घेतला. मला राहवलं नाही. बस नव्हती, मी होते, असं म्हणून फोनची सगळी हकिगत सांगितली.

"मले ठाऊक आहे मॅडम," ती म्हणाली. "केमिस्ट्रीच्या सरनं मले अहवाल दाखवला होता."

"मग बाबाले सांगितलं काहून नाही? माझी चूक होती म्हटल्यावर त्यांनी खेळू दिलं असतं."

"देल्लं असतं," ती म्हणाली. "पण मंग त्यायनं गावभर तुमचं नाव खराब केलं असतं. अन् आमच्या गावच्या त्या दोघींचे बाप तेव्हा आमच्या घरी येऊन बसत, पोरींले तुमच्याकडे पाठवावं का नाही म्हणून इचारत. मी बाबाले सांगितलं, मीच मैत्रिणींसंग हिंडत होती, म्हणून प्रॅक्टिकल चुकलं."

मग तिनं कप बाजूला ठेवला आणि दाखल्याच्या अर्जावर माझी सही मागितली.