काकांचे लाल हातमोजे

तारनाक्याला आमच्या खालच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. सोसायटीतल्या तमाम विषांचे ते बिनपगारी खातेप्रमुख. बागेतल्या पिवळ्या कण्हेरीजवळून नुसतं गेलं तरी त्यांच्या खिडकीतून आवाज येतो, "नक्को, नक्को! चीक लागला तर परेशान व्हाल!" सुरवंट, गोम, पाल तर झालीच, माझ्या बायकोचा मनी प्लांटही त्यांनी संशयितांत घातला आहे.

सोमवारी मात्र त्यांच्या महादेवाला कण्हेर आणि धोतऱ्याचं फळ लागतंच. मग काका कोपरापर्यंत लाल रबरी हातमोजे चढवून, नाग धरायला निघाल्यासारखे बागेत उतरतात. फुलं तोडणं, वाहणं, सगळं मोजे घालूनच.

गेल्या सोमवारी पूजा आटोपून ते थेट आमच्या दारात आले. "घ्या प्रसाद," म्हणत त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. हातात तेच मोजे होते आणि बोटांवर कण्हेरीचा पांढरा चीक वाळला होता.

"काका, मोजे..." मी चाचरत म्हणालो.

"हौ, घालावेच लागतात," काका गंभीरपणे म्हणाले. "मलाच काही झालं तर तुम्हा लोकांना सावध कोण करणार?"