मफलरकाकांची चार मिनिटं

सिंगापूरच्या उकाड्यात लोकरीचा मफलर घालून घरात बसलेला माणूस मी टॅम्पिनीसच्या एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाहिला आणि दारातच थबकलो. पंखा पूर्ण वेगात, कपाळावर घामाच्या धारा आणि गळ्याला निळा-पांढरा जाडजूड मफलर. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "चप्पल बाहेर, तोंड बंद. सतरा मिनिटं राहिलीत." सतरा मिनिटं मी बॅग हातात घेऊन उभा होतो. काकूंनी पाणी दिलं, तेही खुणेनं विचारून.

मी अहमदपूरचा. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, घरात पदवी घेतलेला मी पहिला. सिंगापूरच्याच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात मशीन दुरुस्तीच्या विभागात मला नोकरी लागली, तेव्हा तिथले सर्वांत जुने इंजिनियर होते हे मिरजेचे काका. त्यांनीच आपल्या घरातली खोली मला राहायला दिली. आम्ही मराठी मुलं त्यांना मफलरकाका म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

तो मफलर जर्मनीचा होता. बाविसाव्या वर्षी काका तिथल्या एका कोळशाच्या खाणींच्या गावी यंत्रं शिकायला गेले, दोन सुती शर्ट आणि एक स्वेटर घेऊन. घरमालकीण खाणकामगाराची विधवा. पहिल्या थंडीत तिनं नवऱ्याचा, गावच्या संघाच्या रंगांचा मफलर काढून यांच्या गळ्यात घातला आणि शनिवारी त्या संघाची फुटबॉलची मॅच बघायला नेलं. हा संघ पूर्वी जर्मनीचा विजेता व्हायचा, पण शेवटचं विजेतेपद मिळून तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. निरोप घेताना म्हातारी म्हणाली, "हे पुन्हा विजेते झालेले मी काही आता बघत नाही. तू बघ, आणि हा घालून बघ." काकांनी शब्द दिला. पुढे म्हातारी गेली, काका सिंगापूरला आले, मफलरही आला. "जिंकणारा संघ कुणीही धरतो रे गजा. हरणारा धरला की माणूस वाट बघायला शिकतो," असं ते मला म्हणायचे.

काका पहाटे चारला उठत आणि रात्री नऊला झोपत. जर्मनीतला शनिवार दुपारचा सामना इथे रात्री असायचा. म्हणून व्हीसीआरला टायमर लावून ते झोपायचे आणि रविवारी सकाळी आंघोळ, पोहे, मफलर या क्रमानं सामना बघायचे. तोवर घरात निकाल शिरायला बंदी. काकू पेपर तांदळाच्या डब्याखाली ठेवायच्या, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला. मला बाहेरून निकाल कळला असेल तर मी भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचा, असा नियमच होता. "तिकडे बघ. तुझ्या तोंडावर स्कोअर लिहिलेला असतो," असं काका म्हणायचे. काकूंचं मत वेगळं होतं. "शिळी मॅच ती शिळीच. गरम करून थोडीच ताजी होते?"

कामावर मात्र हा माणूस फार कडक. एकदा मी एक्स-रे मशीनची वायर जोडली, दिवा लागला आणि मी हात पुसायला घेतले. काकांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "दिवा लागला म्हणजे मशीन चाललं का? पूर्ण चक्र होऊ दे. शेवटचा आवाज ऐक, मग हात पूस." माझं इंग्रजी कच्चं होतं. काय बिघडलंय ते डॉक्टरांना सांगताना मी घुटमळायचो. "वाईट बातमीला भाषा लागत नाही. सरळ चार शब्दांत सांग," हेही त्यांचंच शिकवणं.

दोन हजार एकच्या सीझनमध्ये कुणाच्या ध्यानीमनी नसताना तो खाणवाल्यांचा संघ थेट विजेतेपदाच्या शर्यतीत होता. एप्रिलमध्ये त्यांनी सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच मैदानावर हरवलं, तेव्हा काकांनी ती कॅसेट देवघराशेजारी ठेवली. शेवटून दुसऱ्या आठवड्यात मात्र संघ अखेरच्या मिनिटाला गोल खाऊन हरला. आता शेवटच्या दिवशी यांनी जिंकायला हवं होतं आणि दुसऱ्या शहरात खेळणारा तो प्रतिस्पर्धी हरायला हवा होता. त्या शनिवारी काकांनी नवी कॅसेट घेतली नाही. "ती लाभते," म्हणत देवघराजवळची चार तासांची कॅसेट आणली आणि जुन्या विजयाच्या मागे उरलेल्या जागेवर टायमर लावला. मोजून बघितलं, एक सामना बरोबर बसत होता.

रविवारी सकाळी सातला मी खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कॉफी प्यायला गेलो. टेबलावर कुणाचा तरी पेपर होता. मी वाचला आणि कॉफी तशीच राहिली. काकांचा संघ जिंकला होता, लोक मैदानात उतरून नाचू लागले होते. पण तिकडचा सामना अजून संपलेला नव्हता. जादा वेळेच्या चौथ्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्यानं गोल करून बरोबरी साधली आणि विजेतेपद नेलं. हे जेमतेम चार मिनिटं विजेते होते.

मी वर आलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. कॅसेट सांगेलच, आपण कशाला सांगा? पाठीमागे काका ओरडत होते. आधी दोन गोल खाल्ले, मग फेडले, मग पुढे गेले. शेवटी शिट्टी वाजली. तिकडे प्रतिस्पर्धी एका गोलनं मागे होता. लोक कुंपण ओलांडून धावले, आणि खट् आवाज होऊन कॅसेट संपली.

मी वळून पाहिलं. पडदा निळा झाला होता आणि मफलरमध्ये तोंड खुपसून काका रडत होते. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, झालं! म्हातारीचं झालं! शिरा कर!" पूर्ण चक्र होऊ द्या म्हणणारा हा माणूस, शेवटचा आवाज न ऐकताच हात पुसून मोकळा झाला होता, आणि ते ठाऊक असणारा मी एकटा होतो. आत्ता सांगू, चहानंतर सांगू, असं करत मी समोर बसून वाटीभर शिरा खाल्ला.

काका डबा घेऊन शेजाऱ्यांना वाटायला निघाले. मलाय आजींनी टाळ्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरचे चिनी अंकल मात्र रोज खेळाचं पान वाचणारे. त्यांचा आवाज जिन्यातून वर आला, "युअर टीम? लूज ऑलरेडी लाह! लास्ट मिनिट!"

काका वर आले तेव्हा मफलर हातात होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सातपासून."

त्यांनी माझ्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. "हरलो त्याचं काही नाही रे. त्याची सवय आहे. पण ज्याला ठाऊक होतं, तो समोर बसून शिरा खात होता."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी मात्र त्यानंतर त्या घरात कधी शिरा खाऊ शकलो नाही. काकूंनाही कळलं असावं, त्या माझ्यासाठी उपमा करू लागल्या.

सात वर्षांनी काका निवृत्त झाले होते. माझं लग्न झालं होतं, ईस्ट कोस्टजवळ आम्ही राहायला गेलो होतो. पोटदुखीच्या तपासण्यांसाठी काका आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाले, त्यांनी वीस वर्षं सांभाळलेल्या मशीनखाली. सकाळी दहाला डॉक्टरांनी बाहेर काकूंना आणि मला बसवून रिपोर्ट सांगितला. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "एवढ्यात नको सांगूस. सिडनीहून मुलगी येऊ दे. चार दिवस सुखात जाऊ देत."

चार दिवस. मी काकूंना म्हटलं, "काकू, एकदा मला वेळेवर सांगायला जमलं नव्हतं." त्यांनी माझा हात सोडला.

मी आत गेलो. माझी नजर आपोआप भिंतीकडे गेली.

"इकडे बघ," काका म्हणाले. "शिरा खायला आलायस की सांगायला?"

"सांगायला. रिपोर्ट वाईट आहे, काका. कॅन्सर आहे, पसरलाय. डॉक्टर येऊन सगळं नीट सांगतील."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दहापासून."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते. "सातच्या मानानं बरंच सुधारलास," म्हणाले आणि हसले. मग हसू ओसरलं, आणि कितीतरी वेळ त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. यंत्राचा एखादा भाग तपासताना धरायचे, तसं.

दोन दिवसांनी त्यांना घरी नेलं. मुलगी आली होती. कपाटातून काढलेला मफलर काकांनी अंगातलं बळ एकवटून स्वतः गळ्याला गुंडाळला, पंखा पूर्ण वेगात करायला सांगितला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, शिरा कर. गजालाही दे. आज सगळ्यांना सगळं माहीत आहे."

वाटी हातात आली तेव्हा मी भिंतीकडे वळलो नाही. त्यांच्यासमोर बसून खाल्ला, शेवटच्या घासापर्यंत.