लूपवाली सिस्टर

सिस्टर रागावल्याशिवाय बोलतच नसत. अकोल्यात आमच्या भागातल्या दवाखान्यात मूल राहू नये म्हणून बायांना लूप बसवायचं काम त्यांच्याकडे, म्हणून बाया त्यांना 'लूपवाली' म्हणत. "म्हणू दे. पाटीच लावतो मी," त्या म्हणायच्या.

चौथ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. पाचवं झेपणार नाही, हे डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. मला ते सिस्टरांकडून कळलं. लूप बसवण्याआधी बाकावर बसवून त्यांनी बजावलं, "महिना-दोन महिने मधून मधून लाल दिसन. पोट दुखन. भ्यायचं नाही. लई झालं तं माह्याकडं यायचं. काय समजलं, सांग!" मी शाळकरी पोरीसारखं म्हणून दाखवलं.

घरी येऊन सगळं विसरले. लाल दिसलं की बाहेर बसायचं, कशाला शिवायचं नाही, एवढंच ठाऊक. चार दिवस आयतं खाल्लं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. चाराचे अकरा झाले. भाकरी थापून टेकीला आलेल्या सासूबाई कडाडल्या, "काढून टाक ते!" नवरा पेपरात शिरला.

मी मुकाट काढायला गेले. सिस्टर लूप न काढता मलाच घेऊन तरातरा घरी आल्या.

"माय, विळीनं बोट कापलं तं सुनेले कोपऱ्यात बसवता का?"

"त्याच्यात अन् याच्यात फरक हाय."

"हाय ना! बोट कापून कोणी मरत नाही. ते काढलं तं ही पोरगी पाचव्याले मरन." मग नवऱ्याकडे वळून, "डॉक्टरनं तुमाले सांगितलं होतं. आईले काहून नाही सांगितलं?"

सासूबाई लेकाकडे बघतच राहिल्या. संध्याकाळी त्यांनीच मला चुलीपाशी बोलावलं.

पुढे लूपची शिबिरं सुरू झाली. रक्ताचं आधी सांगू नका, बाया पळतात, असा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचा हुकूम. सिस्टर सांगतच राहिल्या, बाया उठून जात राहिल्या. महिन्याभरात सिस्टरांची पार जंगलातल्या धारणीला बदली झाली. साहेबांना जाऊन भेटू, असं मी शेजारणींना म्हटलं. "असलं पुरुषांपुढं कसं बोलावं वं?" त्या म्हणाल्या. आणि मी, जिचा जीव त्या बाईनं राखला, तीही मान डोलावून घरी आले.

एसटीपाशी मी रडू लागले तर सिस्टर उखडल्या, "रडून काय करून राहिली? तिकडं बी बायाच हायेत. इथल्यायले तू सांग."

त्यांच्या जागी आलेली बाई काहीच सांगत नसे. मग मी सांगत राहिले, एकेकीला, दार लावून. साहेबांचा राग अजून येतो. पण दार लावणाऱ्या माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो.