कागदी आळीतला आहेर

आण्णा गेले. आज सकाळी, चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेले.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. जुन्नरचे सनईवाले.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, म्हणून पोस्ट लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पण आण्णा स्वतःबद्दल कधी बोललेच नाहीत. बोलायचे ते त्यांच्या वडिलांबद्दल. तेच लिहिते.

गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या आधीची. जुन्नरात हाताने कागद करणारी मुसलमान घरं होती. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि कचेऱ्यांनी त्यांचा कागद घेणं बंद केलं. अख्खी आळी बेकार झाली.

उस्मानचाचा त्यांच्यातले वडीलधारे. घरात चूल पेटेना, तरी गावाने पाठवलेलं धान्य त्यांनी दारातून परत केलं.

"हात चालत्यात तवर खैरात नको."

बाकीच्या घरांनीही मग घेतलं नाही. पोरं उपाशी.

माझे पणजोबा, सोनबा. सुपारी घेतल्याशिवाय सनईला तोंड लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तो त्यांनी मोडला. बाजाराच्या दिवशी सगळे वाजंत्री घेऊन ते थेट कागदी आळीत जाऊन बसले.

बाजाराला आलेले ओतूरचे, येडगावचे लोक थबकले.

"लगीन कुनाचं रं सोनबा?"

"आळीचं."

"आन् नवरी?"

"आधी आहेर टाका, मंग नवरी बगा!"

लोक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं.

सनई वाजते त्या दारी मोकळ्या हाताने जायचं नाही, ही आपली रीत. बाजरी आली. गूळ आला. एका म्हातारीने तर खण आणला.

उस्मानचाचा तावातावाने बाहेर आले.

"सोनबा, ही खैरातच हाय. उचल समदं."

"आहेर हाय राव. परत केलास तर लोक म्हनतील, लगीन मोडलं."

चाचा त्या ढिगापाशी वाकले. मग तो खण उचलून म्हणाले, "आन् ह्यो कुनाला शिवू?"

"बायकूला! अजून कुनाला?" म्हातारी ओरडली.

चाचांना हसू आवरेना. धान्य घरात गेलं. मग शेजारच्या घरांतही गेलं.

कॉलेजात 'बेनिफिट कॉन्सर्ट', म्हणजे कुणाच्या मदतीसाठी केलेला गाण्याबजावण्याचा कार्यक्रम, हा शब्द शिकले, त्या दिवशी धावत घरी आले. आण्णा, पणजोबांनी हेच केलं होतं! आण्णा नुसते हसले.

मी विचारलं, "पण धंदा वाचला का?"

"न्हाई. लई घरं पुढं मुंबईला गेली."

"मग उपयोग काय झाला?"

मला वाटलं, रागावतील. रागावले नाहीत.

"पोरी, जाताना ती पोटभर जेवून गेली. आन् दारोदार सांगून गेली, येतो म्हनून. तोंड लपवून न्हाई गेली."

बेरोजगारांसाठी काम करायचं मी तेव्हा ठरवलं. अजून तेच ठरलेलं आहे.

आण्णा, नातीचा शेवटचा नमस्कार घ्या.